सरकता स्थापना दिवस

आसेगाव, ८ जानेवारी २०२६
जावक क्रमांक १ (घरगुती)

चि. पौर्णिमाले मामाचा जयभीम.

फोन केला असता, पण फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी कोणी कबूल करत नाई, अन् तुही मामी स्पीकर लावून सारी गल्ली जमा करते. एसटीत कंडक्टर होतो तवापासून माहा भरोसा कागदावर. म्हणून लेखी देऊन राह्यलो, तूबी लेखीच उत्तर देजो.

गोष्ट हाये औंदाच्या जयंतीच्या फ्लेक्सची. मांगच्या साली आपण गावच्या नोकरदारायचे फोटो लावले अन् त्यात शालिग्रामच्या पोराले 'नायब तहसीलदार' छापलं. तो नायब तहसीलदाराची जीप चालवते. अन् पाहुणे म्हणून बोलावलं कोणाले, तं त्याच नायब तहसीलदाराले. साहेब फ्लेक्सखाली उभे राहून वाचत होते अन् आमी समितीचे लोक मंडपाच्या मांगं लपलो होतो. म्हणून या साली मी अध्यक्ष झाल्याबरोबर ठराव केला. सरकारी यादीत नाव असन तवाच फ्लेक्सवर फोटो, अन् यादीत जो हुद्दा तोच फ्लेक्सवर. सर्वानुमते मंजूर.

परवा विहारात बैठक झाली. पहिलं नाव तुहंच घेतलं, पौर्णिमा मनवर, शास्त्रज्ञ, रायपूर. सेतू केंद्रवाल्या संघदीपनं मोबाईलवर तुमच्या संशोधन केंद्राची वेबसाइट उघडली. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या कार्यालयानं आपल्या माणसायचे पगार जनतेले दाखवायचे असा कायदाच हाये, तो मीच त्याले शिकवला. वरून खालपर्यंत वाचून काढलं. संचालक मॅडम, मोठे डॉक्टर, छोटे डॉक्टर, बाबू, ड्रायव्हर, शेवटी माळी. माळ्याचा पगार मी त्याले दोनदा वाचाले लावला. तुहं नाव कुठंच नाई.

संघदीप म्हणते, मामा, नियम तुमचाच होये. मी म्हणलो, टाइप करणारा विसरला असन. तुही आई गेल्यापासून तुले मी वाढवलं, नोकरी लागली तवा अख्ख्या गावात पेढे मी वाटले, अन् नाव राहून जाते म्हणजे काय? साहेबाले सांग अन् दुरुस्त करून घे.

अन् औंदा तुमचा स्थापना दिवस कवा हाये? त्या दिवशी सुट्टी राह्यते तं घरी ये. पहिल्या साली एप्रिलात होता, मांगच्या साली मार्चात. असा कसा सरकते तो?

तुहा मामा,
ग्यानबा खिल्लारे
सेवानिवृत्त वाहक, कारंजा डेपो

ता. क. आठ दिवसात उत्तर नाई आलं तं स्मरणपत्र निघन.


रायपूर, १६ जानेवारी २०२६

आदरणीय मामा, जयभीम.

संदर्भ : आपले घरगुती जावक क्रमांक एक. स्मरणपत्र काढू नका, उत्तर देतेय.

ती यादी जुनी आहे. वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाचं लग्न निघालंय, तो सध्या अंगाला हळद लावून बसलाय, त्याला कोण काय सांगणार? परत आला की बघू. आणि मला फ्लेक्सवर घेऊच नका. तुमच्याकडे असलेला माझा फोटो बारावीच्या हॉलतिकिटाचा आहे. त्यात मी पेपर फुटल्यासारखी दिसते.

स्थापना दिवस यंदा तीन फेब्रुवारीला आहे. आमचं केंद्र तो तिथीनं साजरा करतं, म्हणून तारीख बदलते. सुट्टी एकच दिवस असते, येणं जमणार नाही.

आणि मामा, हात जोडून सांगते, माझ्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा कुठलाही अर्ज टाकू नका. बसथांब्याच्या शेडसाठी तुम्ही टाकलेत, शेड आली, सगळं कबूल. पण इथं नको.

तुमची,
पौर्णिमा


रायपूर, १६ जानेवारी २०२६

प्रिय मामी,

हे पत्र शेजारच्या अंजूच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी आलं तर मामा आधी फोडतील. वाचून चुलीत टाक.

मामांना आज मी जे लिहिलंय ते सगळं खोटं आहे. यादी जुनी नाही, कोणाचं लग्न नाही. मी कायम नाही गं मामी. मी केंद्राची कर्मचारीच नाही. मी प्रकल्पावर आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने झाले की मध्ये एक दिवस खंड देतात. त्या दिवशी मी त्यांची कोणी नसते. दुसऱ्या दिवशी नवा करार करतात. सलग काम दिसलं तर उद्या ही पोरगी कायम करा म्हणेल, म्हणून तो खड्डा पाडून ठेवतात. तो खंडाचा दिवस म्हणजे माझा स्थापना दिवस. दर वर्षी महिनाभर मागे सरकतो. त्या दिवशी सुट्टीही नसते. आश्रमशाळांतून सिकलसेलच्या तपासणीचं रक्त येतच असतं, ते थांबत नाही, म्हणून मी जाते, फक्त हजेरीवर सही करत नाही. पगाराच्या यादीत आम्हा प्रकल्पवाल्यांची नावं नसतात. आमचे पैसे सामानाच्या खर्चात निघतात, काचेच्या नळ्या आणि हातमोज्यांच्या बरोबर.

मामांना पहिल्याच दिवशी सांगणार होते. फोन केला तर ते आधीच पेढ्यांचं खोकं घेऊन बाहेर पडले होते. मग रोज वाटायचं उद्या सांगू.

तीन तारखेला माझा खंड आहे, चार तारखेला नवा करार व्हायचाय. साहेबांची मर्जी फिरली तर मी पाच तारखेला आसेगावात. मला हे काम आवडतं, मामी. आजार वेळेत सापडला की लेकरू वाचतं, आणि तो आजार मी शोधलेला असतो. हे काम माझ्या हातून जाऊ देऊ नकोस. मामांना काहीही करून आवर.

तुझी पौर्णिमा


आसेगाव, २२ जानेवारी २०२६
जावक क्रमांक २ (घरगुती)

चि. पौर्णिमाले जयभीम.

तुहं पत्र भेटलं, पण पोस्टमनच्या थैलीत दोन दिवस राहून गेलं, अन् उशीर झाला. मी अर्ज आदल्या दिवशीच टाकून दिला. दहा रुपयाची पोस्टल ऑर्डर जोडली, रजिस्टर केला, पावती जपून ठेवली.

या घरात मले कोणाची साथ नाई. अर्ज लिहाले बसलो तं चष्मा गायब. तुही मामी म्हणे मांजरीनं नेला. मांजर चष्मा कायले नेइन? मग सेतू केंद्रात जाऊन संघदीपले सांगून लिहून घेतला. संध्याकाळी चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. बाईले अलीकडं काय झालं समजत नाई, मी पोस्टाचं नाव काढलं का तिच्या पोटात दुखते.

तू त्या हळद लावलेल्या बाबूची काळजी करू नको. मी चार प्रश्न असे टाकले, का त्याची हळद उतरून जाइन. अन् बैठकीत सांगून ठेवलं, का उत्तराचं पाकीट आलं का मी घरी फोडणार नाई. विहारात सगळ्यायसमोर फोडीन, अन् संघदीपच मोठ्यानं वाचन. मग पाहू नियम कोणावर उलटते.

बाकी ते तिथीचं मले पटलं नाई. बुद्धपौर्णिमाबी तिथीनंच येते. ती कवा मांगं जाते, कवा पुढं येते. तुमचा स्थापना दिवस मांगंच मांगं जाते. कोणत्या पंचांगात असं हाये ते लिहिजो.

तुहा मामा,
ग्यानबा खिल्लारे


रायपूर, २ फेब्रुवारी २०२६

मामा, जयभीम.

तुमचा अर्ज पोचला. कार्यालयात त्याची चर्चा आहे. अर्जदार माझे मामा आहेत हे कोणाला माहीत नाही आणि कळू नये अशी माझी इच्छा आहे.

चार तारखेला माझ्या एका महत्त्वाच्या कागदावर साहेबांची सही व्हायची आहे. तोवर तुम्ही दुसरा कुठलाही कागद पाठवू नका. आणि उत्तर आलं तर कृपा करून घरी फोडा. विहारात नको. एवढं माझं ऐका.

उद्या स्थापना दिवस. केंद्र पूर्ण बंद, कुलूप असतं. म्हणून आज निवांत लिहितेय.

पंचांग शोधतेय.

पौर्णिमा


रायपूर, दिनांक ३ फेब्रुवारी २०२६

प्रति,
श्री. ग्यानबा खिल्लारे,
शेवग्याच्या झाडासमोर, मु. पो. आसेगाव,
ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

विषय : माहितीच्या अधिकाराखालील आपला अर्ज

महोदय,

आपण मागितलेली माहिती खालीलप्रमाणे आहे.

प्रश्न १. पौर्णिमा मनवर यांचे नाव वेतनाच्या यादीत का नाही?
उत्तर : सदर व्यक्ती या केंद्राच्या आस्थापनेवर कार्यरत नाही.

प्रश्न २. नाव टाकण्यास विसरलेल्या बाबूवर काय कारवाई केली?
उत्तर : प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न ३. पौर्णिमा मनवर यांचा पगार माळ्याच्या पगारापेक्षा किती जास्त आहे?
उत्तर : प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न ४. ती तुमच्याकडे नाहीच असे तुमचे म्हणणे असेल, तर पोरगी रोज सकाळी डबा घेऊन कुठे जाते?
उत्तर : ही बाब 'माहिती' या संज्ञेत येत नाही.

या उत्तराने आपले समाधान न झाल्यास आपण तीस दिवसांत संचालकांकडे प्रथम अपील करू शकता.

आपला विश्वासू,
जन माहिती अधिकारी


आसेगाव, १४ फेब्रुवारी २०२६

पौर्णिमे,

मामीचा जयभीम. माहं अक्षर तुले माहीत हाये, अंदाजानं वाचजो.

मी लय केलं पोरी. चष्मा लपवला. पोस्टमनले सांगतलं का रायपूरचं पाकीट आलं तं माह्या हाती दे, तं तो म्हणे मामानं आधीच सांगून ठेवलं का बायकोच्या हाती देऊ नको. तुह्या त्या सहीच्या कागदावरून तुह्या मामानं गावभर सांगतलं का पौर्णिमाची बढती होऊन राह्यली.

पाकीट आलं तसं त्यानं नवं धोतर नेसलं अन् विहारात गेला. सारी समिती जमली होती, बायाबी होत्या. संघदीपनं फोडलं अन् वाचाले सुरुवात केली. कार्यरत नाही, इथं आला अन् थांबला. पोरगा चांगला हाये, तो म्हणे मामा, बाकीचं घरी वाचू. पण तुहा मामा म्हणे, वाच, पूर्ण वाच. त्यानं पूर्ण वाचलं. ते चौथ्या प्रश्नाचं ऐकून कोणी हसलंबी नाई.

तवापासून त्यानं फोन बंद करून पेटीत ठेवला. बाजेवर बसून ते पाकीट पाहत राह्यते, आतला कागद नाई, वरचं पाकीट. उलटं करते, सुलटं करते. मले वाटलं डोक्यावर परिणाम झाला. इकडं रोज एक बाई येते अन् विचारते, पोरगी तीन साल मग जाते कुठं? रामीबाईले मी सांगतलं, तुह्या सुनेच्या माहेरी जाते. आता ती बोलत नाई.

मी त्याले काईच सांगतलं नाई, तुले वचन होतं. पण आता तू सांग. लेखी सांग. तुह्या मामाले दुसरं समजत नाई.

मामी, चंपाबाई


रायपूर, २१ फेब्रुवारी २०२६

मामा,

जयभीम म्हणायलाही तोंड नाही.

मी कायम नाही. अकरा महिन्यांच्या करारावर आहे. मामीला माहीत होतं, तिच्यावर रागावू नका, मीच तिला बांधून घातलं होतं. शास्त्रज्ञही नाही. माझा हुद्दा प्रकल्प तांत्रिक सहायक. तुम्ही 'शास्त्रज्ञ' म्हणायला लागलात आणि मी गप्प बसले. स्थापना दिवस नावाचा दिवसच नाही. दोन करारांच्या मधला तो दिवस आहे. मला लाज त्या कराराची नव्हती, तुमच्या पेढ्यांची होती. ज्या माणसानं माझ्यासाठी एवढं केलं त्याला गावासमोर खाली पाहायला लागू नये, एवढ्यासाठी गप्प राहिले, आणि नेमकं तेच तुम्हाला करायला लावलं.

तुमच्या अर्जानं माझं काही वाईट झालं नाही. चार तारखेला नवा करार झाला. पण त्यात कलम आहे, एका महिन्याच्या नोटिशीत कधीही काढता येतं. म्हणून अजून भीती आहे.

फ्लेक्सवर माझं नाव नसणारच आहे. पण घरी यायला मला मनाई करू नका.

पौर्णिमा


आसेगाव, २६ फेब्रुवारी २०२६
जावक क्रमांक ३ (घरगुती)

चि. पौर्णिमाले मामाचा जयभीम. तोंड असलं काय नसलं काय, जयभीम घे.

राग आला नाई असं म्हणणार नाई. लय आला. तू खोटं बोलली म्हणून नाई, मामीले सांगतलं अन् मले नाई सांगतलं म्हणून. या घरात मी कोण हाये मग?

पण तुह्या पत्राच्या आधीच मले समजलं होतं. विहारातून घरी आलो अन् पाकीट पाहत बसलो. अर्जात माहा पत्ता मी काय टाकला होता? मु. पो. आसेगाव, बस. अन् पाकिटावर काय, तं शेवग्याच्या झाडासमोर. रायपूरच्या साहेबाले माह्या दारातला शेवगा कसा माहीत? तो त्यालेच माहीत, जो लहानपणी त्याच्यावरून पडला होता. मग आतली तारीख पाह्यली, तीन फेब्रुवारी. तू तं म्हणे केंद्राले कुलूप हाये. कुलुपातून कागद निघाला कसा?

तवा माह्या ध्यानात आलं. माहा अर्ज मराठीत होता, तुमच्या साहेबाले मराठी येत नसन, म्हणून त्यानं तो तुह्यापुढं टाकला. म्हणजे पौर्णिमा मनवर आमच्याकडं नाई, हे त्यायनं पौर्णिमा मनवरकडून लिहून घेतलं. अन् तेबी सुट्टीच्या दिवशी. पोरी, ते समजलं अन् मी बाजेवर बसून रडलो. तुही मामी समजली डोकं फिरलं. त्या दिवशी तुले पैसेबी नव्हते, हे मांगून तुह्या पत्रानं समजलं.

पेढ्याचं म्हणशीन तं ते मी सरकारले खाऊ घातले नव्हते. तुही नोकरी लागली म्हणून वाटले. नोकरी तं तू करून राह्यली. मग कोणते पेढे वाया गेले?

आता कामाचं. तुह्याच उत्तरात लिहिलं हाये, का समाधान नाई झालं तं संचालकाकडं अपील करता येते. माहं समाधान झालं नाई. अपील लिहिलं हाये, एकच प्रश्न हाये त्यात. पण या बारीले मी पोस्टात टाकलं नाई. तुहं पोट त्या कागदावर हाये, माहं नाई. म्हणून ते या पाकिटात घालून तुह्याकडं पाठवून राह्यलो. वाच. पटलं तं तुह्या हातानं दे. नाई पटलं तं फाडून टाक, मी एका शब्दानं विचारणार नाई. अन् घरी यायची मनाई करणारा मी कोण? घर तुह्याबी नावचं होये.

तुहा मामा,
ग्यानबा खिल्लारे


रायपूर, २५ मार्च २०२६

प्रिय मामा, जयभीम.

तुमचं अपील आठवडाभर माझ्या उशीखाली होतं. दोनदा फाडायला घेतलं. तुमचा तो एक प्रश्न पुन्हा पुन्हा वाचला : 'माझ्या अर्जाचे उत्तर ज्या व्यक्तीने लिहिले, तिचे नाव, हुद्दा व पगार आपल्या यादीत कुठे आहे ते दाखवावे.' मग एका सकाळी सरळ गेले आणि आवक खिडकीवर देऊन टाकलं. शिक्का मारून पोच घेतली. तुमचीच भाची आहे.

दुपारी ते उत्तर लिहायला कोणाच्या टेबलावर आलं असेल? साहेब म्हणाले, अरे वो मराठीवाला फिर आया है, देख लो. मी म्हटलं, सर, या वेळी मला देता येणार नाही, कारण उत्तर मीच आहे. आणि अर्जदार माझे मामा आहेत. ते पंख्याकडे पाहत बसले. मला वाटलं, झालं, बांधा बोचकं.

संचालक मॅडमनी सुनावणी ठेवली. तुम्हाला बोलावणं आलं होतं, पण तुम्ही लेखी कळवलंत की अर्जदाराच्या वतीनं पौर्णिमा मनवर बोलेल. मामा, मला न विचारता? मी एकाच वेळी केंद्राकडून फाइल घेऊन आणि तुमच्याकडून बाजू मांडायला उभी होते. कुठल्या खुर्चीत बसायचं तेच कळेना, म्हणून उभीच राहिले.

मॅडमनी आधी तुम्ही अपिलाला जोडलेली पाकिटाची नक्कल पाहिली आणि विचारलं, हे शेवग्याचं झाड कुठून आलं? मी सांगितलं. मग तारीख पाहिली आणि हजेरीचं पुस्तक मागवलं. त्यात तीन फेब्रुवारीला माझ्या नावासमोर कोरं होतं. त्यांनी साहेबांना विचारलं, "ये लड़की उस दिन यहाँ थी या नहीं थी?" साहेब म्हणाले, थी भी, नहीं भी. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मला म्हणाल्या, बोलो. मी म्हटलं, "मॅडम, मला कायम करा असं मामांनी मागितलेलंच नाही. मी आहे, एवढंच लिहून मागितलंय."

निकाल सोबत जोडला आहे. थोडक्यात सांगते. पगार वाढला नाही. मी कायम झाले नाही. खंड राहणार, तो मॅडमच्या हातात नाही म्हणे. पण प्रकल्पावरच्या सगळ्या माणसांची नावं, हुद्दे आणि मानधन वेबसाइटवर टाकायचा आदेश निघाला. माझ्यासारखी पुष्कळ निघाली, मामा. मला तर वाटायचं मी एकटीच तिथीनं स्थापना दिवस साजरा करते. नोटीस आली नाही. साहेब दोन दिवस फुगून होते, मग तिसऱ्या दिवशी म्हणाले, तेरे मामा को बोलो, मेरे प्रमोशन का भी एक अर्ज डाल दें.

आकडा कळेलच तुम्हाला. माळ्याच्या खाली आहे. आधीच सांगून ठेवते.

तुमची,
पौर्णिमा


आसेगाव, १६ एप्रिल २०२६
जावक क्रमांक ४ (घरगुती)

चि. पौर्णिमाले मामा-मामीचा जयभीम.

यादी भेटली. बैठक बोलावली अन् संघदीपले म्हणलो, उघड. तुहं नाव आलं तसा तो थांबला, आकडा वाचू का नको म्हणून माह्याकडं पाहाले लागला. मी म्हणलो, मोठ्यानं वाच, सरकारनं मोठ्यानं लिहिलं हाये. त्यानं वाचला. मांगून कोणीतरी म्हणालं, एवढाच? तुही मामी उठून उभी राह्यली अन् म्हणाली, हो, एवढ्याच पैशात ती लेकरं वाचवते, तुमी त्याच्या दुपटीत काय करता ते सांगा.

नियमात बसली म्हणून फ्लेक्सवर पहिला फोटो तुहाच लागला. 'पौर्णिमा मनवर, प्रकल्प तांत्रिक सहायक (कंत्राटी), रायपूर.' छापणारा म्हणे, मामा, तो कंसातला शब्द काढून टाकू, बरा दिसत नाई. मी म्हणलो, तो शब्द यादीत हाये, फ्लेक्सवर राहीन, अन् बारीक नाई छापायचा. संध्याकाळी शालिग्रामचं पोरगं आपून होऊन आलं. म्हणे माह्याबी फोटोखाली खरं लिहा, वाहनचालक, कंत्राटी. मग ग्रामपंचायतीचा ऑपरेटर आला, शाळेवरची बाई आली. चौदा तारखेले पाहतो तं अर्ध्या फ्लेक्सले कंस. गावाले मांगच्या साली वाटत होतं आपल्यात लय साहेब झाले. औंदा समजलं लोक काय करून राह्यले. मले तं औंदाचा फ्लेक्स चांगला वाटला. फोटो मात्र तोच लावला, हॉलतिकिटाचा.

हिशोब करून पाह्यला, तुहा पुढचा स्थापना दिवस चार जानेवारीले येते. पंचांग नाई लागलं. त्याच्यासाठी या कार्यालयाचा आदेश खाली देऊन राह्यलो. पोच देजो.

आदेश

कु. पौर्णिमा मनवर यांची दिनांक ४ जानेवारी २०२७ रोजी, ज्या दिवशी त्या कोणाच्याही आस्थापनेवर नसतात, आसेगाव येथील घरी नेमणूक करण्यात येत आहे. त्या दिवशी रायपूर येथे फुकट काम करण्यास मनाई आहे. रक्ताचे नमुने एक दिवस साहेबांनी पाहावेत.

ठिकाण : शेवग्याच्या झाडासमोर.
हुद्दा : भाची.
मानधन : ज्वारीची भाकर, शेवग्याच्या शेंगा, मामीची बोलणी.
नेमणुकीचे स्वरूप : कायम.
खंड : प्रश्न उद्भवत नाही.

ग्यानबा खिल्लारे